घर-संसार : वाफेची इस्त्री आणि आपले केस



लग्नसराई आली, की वस्तीतल्या मुलींच्या बोलण्यात केस सरळ करण्याचे यंत्र येतेच. त्यातही वाफेवर चालणाऱ्या स्ट्रेटनरची सध्या चलती आहे. दुकानदार सांगतो, "यात वाफ आहे, केस जळायची भीतीच नाही." कुणीतरी सांगितले एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. घामाच्या पैशातून घ्यायच्या वस्तूलाही आपण हीच कसोटी लावावी.

आधी केस म्हणजे काय ते पाहू. त्वचेखालचे केसाचे मूळ जिवंत असते. वर दिसतो तो केस मात्र निर्जीव असतो, म्हणूनच तो कापताना दुखत नाही. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले बारीक खवले त्याला वरून झाकतात. खरचटलेली कातडी पुन्हा भरून येते. केसाला ती सोय नाही. एकदा बिघडलेला केस कापून टाकेपर्यंत बिघडलेलाच राहतो.

केसाच्या आतले काही बंध नाजूक असतात. ओलावा आणि उष्णता लागली की ते सुटतात. तापलेल्या पट्ट्यांत केस दाबून ओढला आणि थंड झाला, की ते नव्या जागी जुळतात आणि केस सरळ दिसतो. पण दमट हवा लागली की ते पुन्हा सुटतात. म्हणून पावसाळ्यात सकाळी सरळ केलेले केस संध्याकाळी पुन्हा वळतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्र हाती घ्यावे लागते. खरे नुकसान या रोजच्या फेऱ्यात आहे.

वाफेने केस लवकर वळणावर येतो, त्यामुळे कमी उष्णतेत काम भागते, एवढे खरे. पण पट्ट्या तापायच्या त्या तापतातच. अनेक यंत्रे २०० अंशांच्याही वर जातात. पाणी १०० अंशांना उकळते. न्हाऊन आल्यावर अर्धवट ओल्या केसांवर अशी पट्टी फिरवली, तर केसाच्या आतले पाणी उकळते आणि आतच बुडबुडे तयार होतात. डॉक्टर याला 'बबल हेअर' म्हणतात. असा केस आतून पोकळ, खरखरीत होतो आणि फणी लागताच तुटतो. कोरड्या केसाला सोसते तेवढी उष्णता ओल्या केसाला सोसत नाही. तेव्हा वाफ आहे म्हणून यंत्र निर्धोक, हे अर्धेच सत्य आहे.

आता थोडा हिशेब करू. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ५० सेंटिमीटर लांब वेणीचे टोक तीन वर्षांहून जुने असते. आठवड्यातून दोनदाच इस्त्री केली, तरी तीन वर्षांत त्या टोकावरून ती तीनशेहून अधिक वेळा फिरते. शेंड्यांना फाटे फुटतात, चकाकी जाते, वेणी दिवसेंदिवस बारीक होते, ते यामुळे. फाटलेला शेंडा कोणत्याही क्रीमने सांधत नाही. तो कापावाच लागतो.

मात्र सगळा दोष यंत्राला देऊ नये. गळलेला केस उजेडात धरून पाहावा. एका टोकाला पांढरी गाठ असेल, तर तो मुळापासून गळला आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे असतील, तर केस मधेच तुटत आहेत. मुळापासून फार गळत असतील, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे. अंगात रक्त कमी असेल, तर ते महागड्या शांपूने वाढत नाही.

या वाटेने आपल्याआधी अमेरिकेतल्या काळ्या भगिनी गेल्या आहेत. कुरळे केस म्हणजे गबाळेपणा असे गोऱ्या समाजाने ठरवले, म्हणून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तापवलेल्या लोखंडी फणीने केस सरळ केले. १९६८ साली तिथल्या डॉक्टरांनी अशा स्त्रियांच्या टाळूवरच्या कायमच्या टकलाची नोंद केली आणि त्याला तापल्या फणीचे नाव दिले. पुढे त्याची इतरही कारणे असल्याचे दिसून आले. याच काळात तिथल्या चळवळीतल्या स्त्रियांनी आपले कुरळे केस अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले, त्याच लढ्याचा तो काळ. केसांच्या ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केला.

आपल्यालाही हे परके नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले, की अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि अंगावरचे ते जडशीळ दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, नीटनेटक्या राहा. नीटनेटके राहणे हा स्वाभिमान आहे. पण आपल्या जन्मजात केसांची लाज वाटून ते रोज भाजणे, हा स्वाभिमान नव्हे. मुलाखतीला जाणाऱ्या मुलीचे कुरळे केस स्वच्छ धुतलेले आणि नीट बांधलेले असले, की पुरे.

हौसेला आमची ना नाही. यंत्र घरात असेलच, तर एवढे पाळावे. केस पूर्ण वाळल्यावरच ते वापरावे. तापमान कमी-जास्त करता येत नाही असे यंत्र घेऊ नये, आणि १५० अंशांच्या आसपासच थांबावे. एका बटेवरून पट्टी एकदाच फिरवावी. 'चर्र' आवाज आला तर लगेच थांबावे. टाळूपासून दोन बोटे अंतर ठेवावे, कारण टाळू खोल भाजून व्रण पडला तर तिथे पुन्हा केस येत नाहीत. तेल लावलेल्या केसांवर यंत्र कधीच चालवू नये. खोबरेल न्हाण्याआधी लावावे. ते केसात मुरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. यंत्राच्या टाकीत बोअरचे खारे पाणी घालू नये. क्षाराने भोके बुजतात आणि वाफेऐवजी थेंब गळतात. लहान मुलींच्या केसांना तर ही इस्त्री लावूच नये.

सणासमारंभाला एखादे वेळी हौस करावी, रोजचा नेम करू नये. आणि घरातल्या कुरळ्या केसांच्या लेकीला आरशासमोर बसवून एकदा सांगावे, "बाळा, तुझे केस छान आहेत." तेवढ्याला पैसा लागत नाही.

जयभीम.