पिल्लाचे वय, बाळाचे वय

‘नवजात उंदरांवरील प्रयोग यशस्वी’ अशी बातमी वाचली की आपण त्या पिल्लाच्या जागी नकळत नऊ महिने भरलेले बाळ ठेवतो. लहान आतड्याच्या बाबतीत ही अदलाबदल चुकीची आहे. उंदराचा गर्भकाळ जेमतेम 19-20 दिवसांचा. साधारण चौदाव्या दिवसापर्यंत त्याचे आतडे आतून गुळगुळीत नळीच असते. मग जठराच्या बाजूने रसांकुर फुटू लागतात आणि आठवडा उलटायच्या आत पिल्लू जन्मतेही. रसांकुरांच्या मुळाशी असलेले, आतड्याचे अस्तर जन्मभर नवे करणाऱ्या मूलपेशींचे खळगे तर जन्मानंतरच्या दोन आठवड्यांत घडतात. माणसात हे काम आईच्या पोटातच, कितीतरी महिने आधी उरकलेले असते. साखर पचवणारे सुक्रेज हे विकरही पिल्लाला अंगावरचे दूध सुटण्याच्या सुमारास लाभते. बाळ ते घेऊनच येते. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे वारेतून उतरतात, पिल्लाचे आतडे मात्र जन्मानंतरही सुमारे तीन आठवडे ती दुधातून शोषत राहते. या पिल्लाची तुलना करायचीच तर गर्भाशी, फार तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाशी करावी.

मग उंदीर हवेतच कशाला, असे कोणी विचारेल. माझ्या मते, याच उशिरामुळे हवेत. माणसात गर्भाशयात झाकलेली घडण इथे डोळ्यांसमोर होते, आणि तिचे मूळ नियम बरेचसे समान आहेत. आतड्याला पाठीमागून धरणारा पातळ पडदा आतड्यापेक्षा हळू वाढतो आणि त्या ताणाने वेटोळी पडतात, हे 2011 साली कोंबडीच्या आणि उंदराच्या गर्भांत दिसले. ताणलेल्या रबरी पडद्याला नळी शिवून तो सैल सोडला, तर तशीच वेटोळी पडली. प्रयोगशाळेत वाढवलेली सूक्ष्म आतडी पुरेत, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. उंदराच्या एकेका मूलपेशीपासून ती 2009 मध्येच वाढवली गेली. पण त्यांना ना तो पडदा, ना स्नायू, ना रक्तपुरवठा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याची भिंतच मरू लागण्याचा जो जीवघेणा आजार होतो, त्याचा अभ्यास एवढ्यावर भागत नाही. म्हणून अशा प्रत्येक निष्कर्षाशेजारी, बातमीतसुद्धा, पिल्लाचे वय दिवसांत आणि त्याच्याशी जुळणारा मानवी गर्भाचा महिना छापला जावा. पाच दिवसांच्या पिल्लाला मानवलेले औषध अजून खळगेही पुरते न घडलेल्या आतड्याला मानवलेले असते, हे औषध देणाऱ्या डॉक्टरला आणि आईबापांना आधी कळायला हवे.