बारा जणांचे विमान



दोन वर्षांपूर्वी आमच्या ताईच्या घरी इंग्लंडहून फोन आला आणि दिवेलागणीपर्यंत बातमी साऱ्या वस्तीत पसरली, "ताईच्या पोरानं विमान घेतलं!" मग काय विचारता! कोणी पेढे मागू लागले, तर कोणी "आमच्या पोराला त्यात चिकटवा" म्हणून अर्ज घेऊन आले. ताई बिचारी गोंधळली. भाचा शिकला, इंजिनिअर झाला, तिकडे नोकरीला लागला, हे खरे. पण विमान?

रात्री आम्ही स्वतः भाच्याला फोन लावला. तेव्हा उलगडा झाला. चार माणसे बसतील असे एक छोटे विमान आहे. त्याचे वय चाळिशीच्या पुढे. त्याचे मालक बारा, आणि त्या बारांतला एक आमचा भाचा. वापरलेली मोटार जेवढ्याला मिळते तेवढ्यात त्याने हा हिस्सा घेतला. ताईने फोन हिसकावून विचारले, "बारावा हिस्सा म्हणजे आपल्या वाटणीला आलं काय रे? एखादं चाक?"

वाटणी म्हटली की आपल्यासमोर बांध घातलेले शेत आणि भिंत घातलेले घर येते. म्हणून ताईचा प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. आम्हाला हिशेब कळल्याशिवाय झोप येईना. भाच्याने तो कागदावर उतरवून पाठवला. तो वाचल्यावर आम्हाला जो आनंद झाला, तो वाचकांना वाटून द्यावा म्हणून हा लेखनप्रपंच.

विमानाचे नाव सेस्ना १७२. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावच्या कंपनीचे. १९५६ पासून आजवर अशी ४४,००० च्या वर विमाने तयार झाली. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती जाणणारा कारागीरही सापडतो. पंख डोक्यावर असल्याने खालची जमीन स्वच्छ दिसते. चालवण्यासाठी परवाना लागतो आणि नेहमीच्या खासगी वैमानिक परवान्यासाठी ब्रिटनमध्ये किमान ४५ तासांचे उड्डाण-शिक्षण घ्यावे लागते. असे सामाईक विमान २० जणांपर्यंत मिळून ठेवता येते. भाच्याच्या गटात बस चालवणारा एक जण आहे, शाळेतल्या बाई आहेत, एक परिचारिका आहे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. म्हणजे आपल्यासारखीच पगारावर जगणारी माणसे.

आता हिशेब पाहा. समजा, विमान ठेवण्याच्या जागेचे भाडे, विमा आणि दरवर्षीची सक्तीची तपासणी मिळून वर्षाला १२,००० पौंड लागतात. विमान उडो वा न उडो, हा खर्च चुकत नाही. एकटा मालक वर्षात २५ तास उडाला, तर पेट्रोल सोडून ताशी ४८० पौंड पडले. बारा जणांत वाटले की प्रत्येकाला वर्षाचे १,००० पौंड, म्हणजे ताशी ४०. याशिवाय जो जितके तास उडेल त्याने तितक्या तासांचे पैसे भरायचे. त्यात पेट्रोल, आणि इंजिनाच्या निधीसाठी थोडी रक्कम. कारण या इंजिनाची २,००० तासांनी पूर्ण दुरुस्ती करावी लागते. तो खर्च एकदम अंगावर येऊ नये म्हणून तासातासाने साठवायचा. आपल्या मायमाऊल्या गाडग्यात पैसे साठवत, तीच ही रीत.

आणखी एक गंमत. वर्षाचे तास ८,७६०. एकट्याचे विमान त्यातले २५ तास उडणार आणि उरलेले तास नुसते उभे. उभे राहिले की इंजिनाला आतून गंज धरतो. बारा जणांचे विमान ३०० तास उडते, म्हणून ते धडधाकट राहते. म्हणजे वाटून घेतल्याने वस्तू झिजते हा आपला समज इथे उलटा ठरतो. एकट्याने कवटाळून ठेवली तरच ती बिघडते!

गटात मत प्रत्येकाला एकच. आमच्या भाच्याचा पगार बसवाल्यापेक्षा जास्त, पण मत त्याचेही एकच. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोध फार काळ चालू देता येणार नाही. एका लहानशा विमानाच्या मालकीत का होईना, हा विरोध मिटलेला पाहून आम्हाला समाधान वाटले. भांडणे तिथेही होतात. रविवार कोणाला, हप्ता कोणी थकवला, हिस्सा विकायचा तर कोणाला. पण या गटात हे सारे आधीच कागदावर लिहून त्यावर बाराही जणांच्या सह्या घेतलेल्या आहेत.

गेल्या वर्षी ताई तिकडे जाऊन आली. भाच्याने तिला शेजारच्या आसनावर बसवले. उडण्याआधी त्याने टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या नळीत काढून त्यात पाणी नाही ना हे पाहिले, तेल पाहिले, पंखांना हात लावून पाहिला. ताई म्हणते, "सुनेनं तांदूळ निवडावेत तसं बघत होता." वर गेल्यावर तिला गावे दिसली, हिरवी शेते दिसली. परत आल्यावर आम्ही विचारले, काय पाहिलेस? ती म्हणाली, "प्रत्येक गावाच्या कडेला आपली वस्ती शोधत होते. सवयच ना ती. सापडली नाही." खाली उतरल्यावर दोघांनी मिळून पुढच्या काचेवरचे मेलेले किडे पुसले, टाकी भरली, विमान जागेवर ढकलून दोरांनी बांधले. पुढच्या माणसाला तयार मिळावे म्हणून. ताईला उडण्याइतकेच ते पुसणेही आवडले.

आता मुख्य गोष्ट. या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला. आवाज उतरलेला. एकटा उडून उतरत असताना विमान जोरात आपटले आणि नाकाखालचे चाक आधी टेकले. कोणी पाहिले नव्हते. वरून काही दिसतही नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आपल्या मुलाला घेऊन उडणार होत्या. विमानाच्या वहीत प्रत्येक उड्डाणाची वेळ आणि काही बिघाड झाल्यास तो लिहायचा असतो. "मामा, हात थरथरत होता, पण लिहिलं," तो म्हणाला. कारागिराने उघडून पाहिले, तर इंजिनामागच्या पत्र्याला बाक आला होता. विमान तीन आठवडे बंद राहिले. सर्वांचे रविवार बुडाले. पण त्या बाईंनी भाच्याला घरी जेवायला बोलावले.

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ गप्प बसलो. कारण आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. ती आज लिहितो.

पुष्कळ वर्षांपूर्वी वस्तीने वर्गणी काढून विहारासाठी मोठी पातेली, सतरंज्या आणि गॅसची शेगडी घेतली. लग्न असो की जलदानविधी, सर्वांच्या कामाला यावी म्हणून. आमच्या घरच्या कार्यक्रमात शेगडीच्या नळीला चीर पडली. नवी नळी घेण्याचा खर्च आणि चार लोकांतली शरम, दोन्ही टाळण्यासाठी आम्ही तिच्यावर पट्टी गुंडाळून शेगडी गुपचूप परत ठेवली. पुढच्या लग्नात जाळ उसळला आणि स्वयंपाकाला बसलेल्या एका मावशींचा हात भाजला. औषधाचे पैसे आम्हीच पुढे होऊन दिले आणि लोकांनी आमचे कौतुक केले. खरे मात्र आम्ही सांगितले नाही. समाजकार्यकर्ता म्हणवून घेणारे आम्ही!

विनयामध्ये भिक्खूंसाठी एक नियम आहे. संघाची खाट किंवा आसन उघड्यावर मांडले, तर जाताना ते उचलून ठेवावे, उचलवून घ्यावे, किंवा निदान कोणाला सांगून जावे. न सांगता जाणे हा दोष. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी खाटेसारख्या वस्तूकडे इतके लक्ष का दिले असेल? जे सर्वांचे आहे, ते सांगण्यावरच टिकते, म्हणून. उपोसथाच्या दिवशी भिक्खू आपला दोष बोलून दाखवतात, त्यामागेही हेच आहे.

हा लेख देण्यापूर्वी आम्ही त्या मावशींकडे गेलो. त्यांच्या मनगटावर डाग अजून आहे. सर्व सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं झालं ते झालं. पण विहारात एक वही ठेव. कोणी काय नेलं, काय मोडलं, लिहून ठेवू दे. आणि मोडलं म्हणून लिहिणाऱ्याला कोणी बोलायचं नाही."

वाचकहो, ती वही आम्ही गेल्या पौर्णिमेला विहारात ठेवली आहे. चार रकाने आहेत: तारीख, नाव, वस्तू, बिघाड. पहिल्या ओळीत आमचे नाव आहे. तुमच्या विहारातही अशी वही ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!