प्रतीवरून प्रत

"टिश्यूचं रोप आहे, हुबेहूब आईसारखं निघणार, काळजीच नको," असं सांगून केळीची रोपं विकली जातात. आमच्या भातसानगर-शहापूरच्या बाजूला पावसाळ्याच्या तोंडावर रोपांचे टेम्पो येतात, त्यांच्याही तोंडी हेच वाक्य असतं. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं कोणीतरी सांगायला हवं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं मुळातलं. आपण खातो त्या केळ्यात रुजण्याजोगं बी नसतं. त्यामुळे केळीची लागवड पिढ्यान्‌पिढ्या मुनव्यांवरून नि कंदांवरून होत आली. म्हणजे नवं झाड हे जुन्या झाडाचं मूल नव्हे, त्याचाच पुढचा भाग. उतीसंवर्धन, म्हणजे आपलं टिश्यू कल्चर, हेच काम बाटलीत करतं. कोंबाचं चिमुकलं टोक निर्जंतुक बाटलीत खुराकावर वाढवायचं, फुटवे आले की सुटे करून पुन्हा नव्या बाटल्यांत लावायचे. हा खुराक कसा करायचा याची कृती मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरतात. जळगावकडच्या केळीबागांचं रूप या तंत्राने पालटलं. पूर्वी रावेर-यावलच्या भागात बसराई, श्रीमंती यांचे कंद लागत. मग ग्रँड नैनची टिश्यूची रोपं आली. बाग एकदम निसवते, कापणी एकदम होते, घड मोठे मिळतात. याचं श्रेय द्यायलाच हवं.

मग अडचण कुठे येते? मी आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे मला ती पोथ्यांच्या उदाहरणाने कळते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. तिच्या नकला होत गेल्या, नकलांवरून पुन्हा नकला झाल्या, आणि तीनशे वर्षांत इतके पाठभेद शिरले की शके १५०६ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. नक्कल करणारे काही वाईट लोक नव्हते. प्रतीवरून प्रत काढत गेलं की चुका साचतात, एवढंच.

बाटलीतही तेच होतं. पेशी दुभंगताना क्वचित चूक होते आणि फेऱ्या वाढतील तशा चुका साचतात. फुटवे भराभर यावेत म्हणून घातलेल्या संप्रेरकाचा डोस वाढला तर धोका आणखी वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ साली या प्रकाराला 'सोमाक्लोनल व्हेरिएशन' असं नाव दिलं. मी त्याला आपला रोपांतला पाठभेद म्हणतो. ग्रँड नैन ज्या कॅव्हेंडिश गटातली, त्या गटात सर्वांत जास्त दिसणारा पाठभेद म्हणजे खुजं झाड. काहींची पानं जाड, चिवट आणि फिकट डागांची निघतात.

केळीसाठी साधारण आठ फेऱ्यांवर थांबावं आणि पुन्हा मूळ, पारखलेल्या झाडाकडे जावं, असा दंडक सांगितला जातो. आता थोडं गणित करू. दर फेरीत एकाची तीन होतात असं धरलं, तर आठ फेऱ्यांत एका कोंबाची ६,५६१ रोपं होतात. बारा फेऱ्या केल्या तर ५,३१,४४१. मोह कुठे आहे ते कळलं ना? रोपाचा खरेपणा शेवटी कोणीतरी आठव्या फेरीला हात आवरण्यावर अवलंबून आहे.

प्रत्येक बदल अक्षरांतलाच असतो असंही नाही. मलेशियात तेलमाडाची अशी रोपं लावली, तेव्हा काही झाडांना विकृत फुलं आली आणि तेलाचं उत्पन्न बुडालं. २०१५ साली त्याचं कारण उलगडलं. जनुकातली अक्षरं जागच्या जागी होती, त्यांच्यावरच्या काही रासायनिक खुणा तेवढ्या पुसल्या गेल्या होत्या. मराठीत अक्षर तेच ठेवून अनुस्वार पुसला तर काय होतं, हे वेगळं सांगायला नको!

गंमत अशी की हाच पाठभेद तैवानात वरदान ठरला. पनामा मर रोगाने तिथल्या केळीबागा बसू लागल्या, तेव्हा संशोधकांनी टिश्यूच्या रोपांतून मुद्दाम वेगळी निघालेली झाडं शोधली. त्यांतून रोगाला बरंच तोंड देणारे वाण निवडले. म्हणजे वेगळेपणा मुळात वाईट नाही. पण तो संशोधकाने जाणून निवडला होता. आमच्याकडच्या शेतकऱ्याला तो न मागता, न कळता मिळतो.

आणि कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. रोप लहान असताना फरक ओळखायला सराईत नजर लागते. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने साठ रोपं घेतली, त्यांतली नऊ खुजी राहिली. वर्षभराचं खत-पाणी त्यांनीही खाल्लंच. विचारायचं कोणाला? बिल नव्हतं, पिशवीवर नाव नव्हतं. दुसऱ्या बाजूने हेही खरं, की प्रत्येक बिघाड प्रयोगशाळेच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. पाणी साचलं तरी झाड खुरटतं. हरण्या रोग तर चांगल्या रोपालाही मावा आणून देतो. दोष कोणाचा, हे ठरवायला मुळात रोपाची कुळकथा हवी.

तशी सोय आपल्या देशात आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाला २००६ साली बियाणे कायद्याखाली टिश्यूच्या रोपांच्या प्रमाणीकरणाचं काम दिलं गेलं. त्यात रोपं विषाणूमुक्त आहेत का, हे तपासतात आणि ती मातृवृक्षाशी जनुकीयदृष्ट्या जुळतात का, हेही तपासतात. हजारोंनी रोपं घेणारा बागायतदार हा कागद मागून घेऊ शकतो. पण साठ रोपं घेणाऱ्यापर्यंत रोप तीन हातांतून येतं आणि कागद पहिल्याच हातात राहतो.

म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपला माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. रोपाचं तसं काहीच बघता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच : जात, प्रयोगशाळेचं नाव, लॉटचा नंबर, फेऱ्या किती झाल्या आणि तपासणीची तारीख, या पाच गोष्टी रोपांच्या प्रत्येक ट्रेबरोबर मराठीत छापून आल्या पाहिजेत, आणि किरकोळ विक्रेत्यानेही त्या बिलावर लिहून दिल्या पाहिजेत. जी प्रयोगशाळा आठव्या फेरीला थांबते, तिचं यात नुकसान काहीच नाही, उलट नावच होईल.

तोवर गावाकडे केळी लावणाऱ्या आपल्या नातेवाइकांना एक विनंती. बिलाशिवाय रोप घेऊ नका, आणि ते बिल घड उतरेपर्यंत जपून ठेवा.