आत्याची बाटली

गेल्या महिन्यात पोलादपूरची आत्या तपासणीसाठी आमच्याकडे महाडला आली. दोन वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. पिशवीतून गोळ्यांऐवजी एक चकचकीत बाटली निघाली. आतल्या कॅप्सूल म्हणे हृदयाच्या पेशींना ऊर्जा देतात. त्या परवडाव्यात म्हणून बाईने रक्तदाबाच्या गोळ्या दीड महिना बंद ठेवल्या होत्या! "अरे, त्याने चित्र काढून दाखवलंन," आत्या म्हणाली.

चित्र खोटं नव्हतं, पंचाईत तीच आहे. हृदयाच्या पेशीचा सुमारे तिसरा भाग मायटोकाँड्रियांनी व्यापलेला असतो. या तिच्या चुली. चूल म्हटली की धूर आलाच. तसे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तिथे तयार होतात, आजारी हृदयात जास्तच. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. मग धूर मारणारं औषध घ्यावं, हे कुणालाही पटेल. तज्ज्ञांनाही पटलं होतं. म्हणून हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांवर ई जीवनसत्त्वाची परीक्षा झाली. निष्कर्ष २००० साली आला: साडेचार वर्षं घेऊनही ना झटके कमी झाले, ना मृत्यू. कोएन्झाइम क्यू-१० ने २०१४ साली ४२० रुग्णांच्या चाचणीत आशा दाखवली खरी; पण ते नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिलं होतं, त्यांच्या जागी नव्हे.

औषध पटणं वेगळं आणि पारखणं वेगळं, हे आम्हा महाडकरांना तरी बाहेरून शिकायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं फुप्फुसांत पाणी भरून दगावत. विषामुळे अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय कोलमडतं. रक्तदाबावरच्या साध्या प्राझोसिनने माणसं वाचू लागली. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी त्याच गोळीची परीक्षा मांडली. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसती प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला विंचवाच्या विषावरची लस. दोन्ही मिळालेले लवकर बरे झाले, आणि त्यांनी तसं लिहून टाकलं.

आत्याच्या बाटलीवर घटकद्रव्यं होती, हसरं हृदय होतं. परीक्षेचं नाव नव्हतं.

तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात. बाटली मात्र टाकायला ती तयार नाही. "पैसे मोजलेत रे मी," म्हणाली, आणि पिशवीत तळाशी ठेवून पोलादपूरच्या एस.टी.त बसली.