स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून

अमोल पालेकरांचं नाव काढलं की आधी 'छोटी सी बात' आणि 'गोलमाल' आठवतात. मुलीशी बोलताना अडखळणारा, साध्या शर्टातला तो नोकरदार तरुण लोकांना आपल्या घरातलाच वाटला. 1974 च्या 'रजनीगंधा'पासून 1979 च्या 'गोलमाल'पर्यंत पाचच वर्षांत त्या चेहऱ्याला मोठी बाजारकिंमत आली. अशा वेळी नट दिग्दर्शक होतो तो बहुधा स्वतःलाच आणखी मोठं करण्यासाठी. पालेकरांनी 1981 साली 'आक्रीत' केला. त्यामागे होतं मानवतचं हत्याकांड, म्हणजे 1956 पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात असलेल्या परभणी जिल्ह्यातलं. गुप्तधनाच्या लोभाने कोवळ्या पोरींचे बळी दिले गेले, ती ही कहाणी. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि त्या पापातला वाटेकरी मुकुटराव रंगवला खुद्द पालेकरांनी. ज्या चेहऱ्यावर प्रेक्षक डोळे मिटून विश्वास टाकत होते, तोच त्यांनी या माणसाला दिला. पुढे बऱ्याच चित्रपटांतून तर तो चेहराच त्यांनी काढून घेतला. 'थोडासा रूमानी हो जाएँ', 'बनगरवाडी', 'दायरा', 'कैरी', 'ध्यासपर्व' यांपैकी एकाही चित्रपटात ते पडद्यावर नाहीत. स्वतंत्र दिग्दर्शक कोण, हे आपण पैसा कुणाचा यावरून ठरवतो. माझं मत वेगळं आहे. हमखास खपणारं असं हाताशी काय होतं आणि त्यातलं किती बाजूला ठेवलं, यावरून ते ठरावं. या कसोटीवर पालेकरांइतका स्वतंत्र दिग्दर्शक मराठीत क्वचितच दिसतो.

यावर पहिला आक्षेप सरकारी पैशाचा. 'बनगरवाडी' राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशातून झाला, हे खरंच आहे. पण त्यात सरकारची भलामण कुठे आहे? धनगरांच्या वस्तीवर आलेला पोरसवदा मास्तर, त्याला सांभाळून घेणारा म्हातारा कारभारी आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेलं गाव, एवढंच तिथे आहे. आणि सरकारी पैसा घेतला म्हणून हा माणूस मिंधाही राहिला नाही. चित्रपटांच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध 2017 साली ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसरा आक्षेप 'पहेली'चा, म्हणजे 2005 च्या, शाहरुख खानच्या निर्मितीचा. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल. विजयदान देथांच्या त्याच कथेवर मणी कौल यांनी 1973 साली केलेल्या 'दुविधा'ची शांतता 'पहेली'च्या झगमगाटात उरत नाही. तरीही भूत नवऱ्याचं रूप घेऊन आलंय हे कळल्यावर त्याला ठेवायचं की नाही, हे ती बाईच ठरवते. कथेचा हा कणा पालेकरांनी मोडू दिला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: हे चित्रपट पाहिले किती जणांनी? 'दायरा'त निर्मल पांडे बाईच्या वेषात वावरणारा नर्तक आणि सोनाली कुलकर्णी बलात्कारानंतर पुरुषी कपडे चढवणारी मुलगी. फ्रान्समधल्या वालेन्सियेनच्या महोत्सवात पांडेंना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, पण आपल्याकडच्या चित्रगृहांत 'दायरा' रीतसर लागलाच नाही. मग लोकांपर्यंत न पोचलेलं काम करून काय साधलं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर मला 'ध्यासपर्व'च्या नायकात सापडतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी सोडावी लागली. 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी 1927 पासून 1953 साली मरेपर्यंत चालवलं, खटले अंगावर घेतले आणि 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. मासिकाचे वाचक मोजकेच होते. पण कर्व्यांचं म्हणणं चूक होतं म्हणून ते मोजके नव्हते. लोकांना ते ऐकायचंच नव्हतं.

ही न ऐकण्याची सवय हैदराबादेतल्या आपल्या गौलीगुड्यालाही आहे. नोव्हेंबर 1921 मध्ये तिथल्या विवेकवर्धिनी शिक्षणसंस्थेच्या नाट्यगृहात हैदराबाद संस्थानातली समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे, रघुनाथरावांचे वडील. रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेही याच वर्षी. या परिषदेत आलमपल्ली वेंकटरामाराव तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांना बोलू दिलं नाही. सुधारणेसाठी जमलेल्या सभेत हे घडलं, आणि त्या अपमानातून तेलुगू भाषकांचा आंध्र जनसंघ उभा राहिला. चित्रपट पोचला नाही याचा सगळा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारण्याआधी आपण, प्रेक्षकांनी, हा प्रसंग आठवायला हवा. निवडून घेतलेला चित्रपट दाखवायला मोठं चित्रगृह लागत नाही. एक पडदा, शंभर खुर्च्या आणि रविवारची एक सकाळ पुरते. म्हणून हैदराबादेतल्या मराठी संस्थांना माझी विनंती आहे: विवेकवर्धिनीच्या आवारात 'ध्यासपर्व'चा एक खेळ लावा, तेलुगू शेजाऱ्यांना आवर्जून बोलवा आणि नंतरची चर्चा दोन्ही भाषांत होऊ द्या.