सडा, सायकल आणि आपण

वेळणेश्वरच्या पुळणीची आणि माडांच्या राईची स्तुति सर्वजण करितात. परंतु गांवाच्या माथ्यावर पसरलेल्या सड्याची स्तुति करणारा मनुष्य विरळा. पाहुणे येतात, देवळांत जातात, समुद्र पाहतात आणि परततात. आपणां गांवकऱ्यांनाहि सडा म्हणजे गुरें चारण्याची, गवत कापण्याची, व गुहागरास किंवा हेदवीस जातांना लवकर ओलांडून टाकण्याची जागा, एवढेंच वाटतें. सरकारी दप्तरांत तर असल्या कातळी जमिनीचा बराच भाग ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेला असतो. शब्दाचाहि मनावर संस्कार होत असतो. जिच्या नांवांतच ‘खराब’ हा शब्द आहे, त्या जमिनीची काळजी कोण वाहणार?

गेलीं कांहीं वर्षें सुटीच्या दिवसांत कोंकणच्या किनाऱ्यानें सायकलीवरून प्रवास करणारे तरुण आपल्या गांवावरून जातात. त्यांतील एखाद्याजवळ नव्या धर्तीची सायकल असते. तिचें हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखें खालीं वळलेलें. टायर मात्र शर्यतीच्या सायकलीहून बरेच रुंद. हिला ‘ग्रॅव्हल बाईक’, म्हणजे खडीच्या वाटेवरची सायकल, असें म्हणतात. ती पाहिल्यापासून आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं एकच प्रश्न विचारून मला भंडावून सोडलें आहे: “सर, आम्ही सायकली घेऊन सड्यावर हिंडलों तर काय हरकत आहे?” आणि एका पालकांनीं विचारलें आहे, “सर, असल्या सायकलीसाठीं मुलगा हट्ट धरून बसला आहे. हें खूळ त्याच्या डोक्यांतून काढावयाचें कसें?” दोघांसहि उत्तर देणें मला प्राप्त आहे.

पालकांस प्रथम सांगतों. या खुळाला नवी सायकल लागतच नाहीं. खडीवरून जाणाऱ्या सायकलीचें मर्म तिच्या किंमतींत नसून टायरांत आहे. अरुंद व टणक फुगविलेलें चाक प्रत्येक खड्यावर आपटतें आणि स्वाराला हिसका देतें; रुंद व किंचित् नरम चाक खड्याला पोटांत घेऊन पुढें जातें. या नव्या सायकलींचे टायर सामान्यतः ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात. आतां पडवींत टेकून ठेवलेली आजोबांची काळी सायकल पहा. तिच्या टायरावर बहुधा २८ × १½ हा आंकडा आढळेल. दीड इंच म्हणजे सुमारें ३८ मिलिमीटर! जी गोष्ट नवी म्हणून दुकानांत विकली जाते, ती आपल्या पडवींत धूळ खात उभी आहे. डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें १८८८ सालीं हवेचा टायर केला, तोहि आपल्या मुलाच्या तीनचाकीला खडबडीत जमिनीवर हिसके बसूं नयेत म्हणून. ब्रेक नीट करून घ्यावे, साखळीला तेल द्यावें, मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण घालावें, म्हणजे झालें.

आणि पडण्या-झडण्याचें भय? तें थोडें असूं द्यावें. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रवासास निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ सालीं घरीं परतले. वाटेंत त्यांना वाळवंटें लागलीं, रानें लागलीं. डांबरी रस्ता थोडाच लागला. आपल्या मुलाला आपल्याच गांवच्या सड्यावर तासभर पाठवितांना आपण इतके कां कचरावें?

आतां विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडे वळतों. आणि तुमचें उत्तर इतकें सोपें नाहीं.

सडा ओसाड आहे असें तुम्हीं गृहीत धरलें आहे. ओसाड जागेंत कोठूनहि गेलें तरी बिघडतें काय, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. परंतु मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर सड्यावर जाऊन गुडघे टेकून पहा. प्रथम दिपकडीचीं पांढरीं फुलें कातळाच्या फटींतून वर येतात. पुढें पाणी सांचलेल्या खोलगट जागीं गेंदाचे पांढरे गोंडे उभे राहतात व सीतेच्या आंसवांची जांभळी-निळी चादर पसरते. या कातळावरची माती कोठें कोठें बोटभरहि जाड नसते. तिच्यांत सत्त्व अत्यल्प. म्हणून सीतेचीं आंसवें आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यांतले बारीक जीव पकडतात आणि दवबिंदूचें झाड पानांवरच्या चिकट केसांनीं किडे धरून आपली भूक भागवितें. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या छिद्रांतून झिरपत जातो व खालच्या वाड्यांतील विहिरींना पाणी पुरवितो. ज्याला आपण खराबा म्हणतों, तो आपला रांजण आहे.

अशा बोटभर मातींतून ओल्या दिवसांत सायकलीचें चाक गेलें तर काय होईल? चाकाची चाकोरी उमटेल. पाणी सांचून राहण्याऐवजीं त्या चाकोरींतून वाहूं लागेल. पाण्याबरोबर माती जाईल, मातीबरोबर पुढच्या वर्षाचें बीं जाईल. चाक क्षणांत निघून जातें. कातळावर पुन्हां माती सांठावयास किती पिढ्या लागतील, कोण जाणे!

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें बरें. गेल्या वैशाखांत चार मुलांना घेऊन मी सायकलीनें सड्यावर गेलों होतों. बैलगाडीची जुनी वाट वळसा घेऊन जाते. मला घाई होती, म्हणून मीं वाट सोडून वाळक्या गवतांतून सरळ सायकल घातली. डोक्यावर टिटवी ओरडत होती. तिच्या ओरडण्याचा अर्थ मीं वर्गांत अनेकदां सांगितलेला आहे. पण त्या वेळीं माझें तिकडे लक्ष नव्हतें. सर्वांत लहान मुलगा एकाएकीं ओरडला, “सर, थांबा!” माझ्या पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर खड्यांच्याच रंगाचीं चार अंडीं उघड्यावर होतीं. त्या दिवशीं शिक्षक कोण होता आणि विद्यार्थी कोण, हें सांगावयास नको.

मग सड्यावर सायकलींना बंदीच करावी, असें कोणी म्हणेल. मला तें मान्य नाहीं. ज्या सड्यावर कोणी पाऊल ठेवीत नाहीं, तो सडा गेला तरी कोणाला कळत नाहीं. ठिकठिकाणीं चिरेखाणी सड्याला पोखरीत आहेत. कलमें लावण्यासाठीं कातळ फोडला जात आहे. याच जिल्ह्यांत उक्षी, कशेळी, बारसू येथील सड्यांवर प्राचीन मनुष्यांनीं कोरलेलीं चित्रें आहेत. त्यांवरून कित्येक पिढ्या लोक नुसते चालत गेले. आणि २०२२ सालीं तीं जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलीं, तेव्हां आपण डोळे चोळून पाहूं लागलों. मोटारींतून जाणाऱ्याला सडा दिसत नाहीं. पायीं चालणारा दूरवर पोहोंचत नाहीं. सायकलस्वार तेवढा पुष्कळ हिंडतो आणि हिंडतांना पाहतोहि. सड्याचे उद्यांचे राखणदार व्हावयाचे असतील तर ते असेच होतील.

अमेरिकेंत कॅन्सस प्रांतीं फ्लिंट हिल्स नांवाचा गवताळ मुलूख आहे. तेथील उंच गवताचीं विशाल कुरणें जवळजवळ सर्व नांगराखालीं गेलीं. शेंकडा चारहूनहि कमी उरलीं. फ्लिंट हिल्समध्यें तीं वांचलीं, कारण मातीखालीं दगड आहे व तेथें नांगर चालेना. आपल्या सड्याचें दैवहि असेंच नाहीं काय? १९९६ सालीं तेथील एक भाग राष्ट्रीय राखीव कुरण झाला, आणि २००६ पासून त्याच मुलखांत दोनशें मैलांची खडीवाटेची सायकलशर्यत होत असते. हजारों स्वार येतात; परंतु शर्यत धांवते ती खडीच्या बांधलेल्या रस्त्यांवरून, गवतांतून नव्हे. यांतच सारें आलें.

आपल्याकडेहि सुप्याचें मयूरेश्वर किंवा रेहेकुरी यांसारखीं गवताळ अभयारण्यें आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें तेथें परवानगीवांचून शिरतां येत नाहीं. आपल्या सड्यावर पहारेकरी नाहीं व फाटकहि नाहीं. म्हणून तेथें नियम आपणच आपल्यावर घालून घ्यावयाचा. गाडीची किंवा पायांची जी वाट आधींच पडली आहे तिच्यावरूनच जावें. नवी वाट पाडूं नये. मृगापासून गवत पिंवळें पडेपर्यंत सायकल सड्याच्या कडेला ठेवावी आणि वाटेनेंच पायीं जावें. शेवाळलेल्या कातळावर चाक घसरतें, तेव्हां यांत आपलेंहि हित आहे. गवत कोणाचें तरी असतें, त्याला विचारावें. आणि टिटवी ओरडूं लागली तर उतरावें, खालीं पाहावें.

मुलांनो, सायकल अवश्य न्या. आजोबांचीच न्या. मात्र परत येतांना सड्यावर तुमच्या चाकाची नवी खूण राहूं देऊं नका. सड्याची खूण तुमच्या मनावर राहिली, म्हणजे पुरे.