घरचा संगणक : खेळातला आवाज नीट ऐकू येत नाही?



मुलगा संगणकावर शूटिंगचा खेळ खेळतो आहे. कानाला हेडफोन, आवाज शंभरावर, आणि तरीही तक्रार एकच : "काही नीट ऐकूच येत नाही!" मग नव्या, महागड्या हेडफोनचा हट्ट सुरू होतो. अम्मी-अब्बूंनी पाकीट उघडण्याआधी थोडे थांबावे. पुष्कळदा हेडफोन चांगलाच असतो, गडबड सेटिंगमध्ये असते.

'काउंटर-स्ट्राइक २' किंवा 'व्हॅलोरंट' या खेळांत पाच-पाच जणांचे दोन संघ इंटरनेटवरून खेळतात. प्रतिस्पर्धी भिंतीआड असतो. त्याच्या पावलांचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, यावर पुढची चाल ठरते. हा आवाज अस्पष्ट झाला की मुले आवाज वाढवत जातात आणि तिथेच कानांना धोका सुरू होतो. म्हणून आधी कारण शोधू या.

पहिले कारण ब्लूटूथ. मित्रांशी बोलायला हेडफोनचा माइक सुरू झाला, की बहुतेक ब्लूटूथ हेडफोन फोनवरच्या बोलण्यासारख्या हलक्या दर्जाच्या आवाजावर जातात. डावे-उजवे कळेनासे होते. अशा वेळी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'इनपुट' म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, खेळाच्या सेटिंगमध्येही तोच ठेवा. नाहीतर सरळ वायरचा हेडफोन वापरा, तो स्वस्तही पडतो.

दुसरे कारण : मित्र बोलू लागला की खेळाचा आवाज एकदम खाली जातो. विंडोजला वाटते फोन आला आहे, म्हणून ते बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करते. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'साउंड' असे जाऊन तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा. तिथल्या 'कम्युनिकेशन्स' या भागात 'डू नथिंग' निवडून 'ओके' दाबा.

तिसरे कारण : दिशा चुकीची वाटते. आधी हेडफोन उलटा घातलेला नाही ना, ते पाहा. मग साउंड सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' बंद असल्याची खात्री करा. तो चालू असेल तर दोन्ही कानांत एकच आवाज येतो. 'स्पेशियल साउंड'ही तपासा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दिशेचा भास देण्याची सोय खेळातच आहे. व्हॅलोरंटमध्ये ती 'एचआरटीएफ' नावाने चालू करता येते. खेळातली सोय चालू असताना विंडोजचीही लावली, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि दिशा गढूळ होते. दोहोंपैकी एकच ठेवा.

चौथे : आपला आवाज मित्रांना जात नाही. 'प्रायव्हसी' सेटिंगमध्ये मायक्रोफोनला परवानगी दिली आहे का, ते पाहा. टेबलावरच्या संगणकाला हिरवे आणि गुलाबी अशी दोन छिद्रे असतात. हिरवे ऐकण्यासाठी, गुलाबी माइकसाठी. मोबाइलच्या इअरफोनची एकच पिन तिथे दोन्ही कामे करत नाही. एका पिनेच्या दोन पिना करणारी छोटी वायर दुकानात मिळते.

बोलण्यासाठी 'पुश टू टॉक' ठेवा, म्हणजे बटण दाबले तरच माइक चालू होईल. घरातले बोलणे, पाहुण्यांच्या गप्पा, बहिणींचे आवाज अनोळखी लोकांच्या कानावर जाणार नाहीत. घराचा पडदा इथेही सांभाळायला हवा. समोरून शिवीगाळ होत असेल, तर त्या खेळाडूचा आवाज म्यूट करता येतो. ते मुलांना दाखवून द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ९० डेसिबल झाला, तर ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबललाच लागू होते. कानाच्या आतल्या बारीक संवेदनपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खेळानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटत असेल किंवा बोलणे दबलेले ऐकू येत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

वरच्या दुरुस्त्या झाल्या की आवाज कमी ठेवूनही पावले ऐकू येतात. एक साधी कसोटी ठेवा : हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात मारलेली हाक ऐकू आली पाहिजे. अम्मीची हाक आणि मगरिबची अजान ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे.

ऐकण्याची शक्ती ही अल्लाहची अमानत आहे. या रविवारी मुलाला रागावण्याऐवजी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि ही सेटिंग्ज दोघे मिळून तपासा. हेडफोनचे पैसे वाचतील आणि तो काय खेळतो, कोणाशी बोलतो, हेही इन्शाअल्लाह सहज कळेल.